बोरिस कार्लॉफचे न सांगितलेले आजोळ

होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे आपण कधी गेला असाल, तर तो किती प्रश्न विचारतो हे आपल्याला ठाऊक असेल. साध्या पडशासाठी आलेल्या माणसालाही आम्ही आजी-आजोबांपर्यंत मागे नेतो. कोणाला दमा होता, कोण कशाने गेले, सगळे विचारतो. इतक्या वर्षांच्या अनुभवाने एक सांगतो, की माणसे स्वतःचा आजार मोकळेपणाने सांगतात आणि घराण्याचा प्रश्न आला की अडखळतात. वहीतली ती एक ओळ कोरी राहते. आज ज्याची हकीकत सांगणार आहे, त्याने ती ओळ जन्मभर कोरी ठेवली.

'फ्रँकेन्स्टाइन' हा १९३१ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मी कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला. चपटे डोके, मानेत खिळे, जड पापण्या आणि अडखळती चाल. (फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नव्हे, त्याला घडवणाऱ्याचे, ही चूक आपल्याकडे शिकलेलेही करतात.) आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. ते गंमतीखातर टाकले होते. पण त्या माणसाचे कूळ पाहिले की ते प्रश्नचिन्ह वेगळेच वाटू लागते.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडनमध्ये. नऊ भावंडांत शेंडेफळ. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते. त्यांचे वडील इंग्रज आणि आई हिंदी. विल्यमची आई एलायझा सारा मिलर्ड हिचा जन्म १८४८चा, सुरतेचा, आणि लग्नही सुरतेतच १८६४ साली झाले. आता आईचे माहेर आणखी एक पिढी मागे नेऊ. तिची आई एलायझा ज्युलिया एडवर्ड्स ही मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या एका शिपाईगड्याची मुलगी. या एलायझा ज्युलियाची धाकटी बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या राजवाड्यातली ती प्रसिद्ध मास्तरीण, जिच्यावरून पुढे 'द किंग अँड आय' निघाला. नात्याने ती विल्यमच्या आईची मावशी.

आणि ॲनाचे जन्मगाव? ती सांगे वेल्समधले कार्नार्व्हन. प्रत्यक्षात तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा. लग्न १८४९च्या नाताळात पुण्यात झाले. तिचे बालपण मुंबई इलाख्यातल्या छावण्यांच्या वस्तीत गेले. हे उघडकीला आणले ते १९७०च्या दशकात, ब्रिस्टोव्ह नावाच्या, कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाने. तिच्या मुलाच्या जन्माची लंडनमधली नोंद त्याला सापडली नाही, म्हणून तो कंपनी सरकारच्या दप्तराकडे वळला. ॲनाची आजीही बहुधा हिंदीच असावी, असे अभ्यासक मानतात. तरी याच ॲनाने आपल्या भाचीचे लग्न मिश्र रक्ताच्या प्रॅटशी झाले म्हणून त्या घराशी संबंध तोडले. लपवणाऱ्यालाच दुसऱ्याचे न लपलेले सर्वांत जास्त खुपते, एवढेच मी म्हणेन.

आईबाप लवकर गेले, थोरल्या भावंडांनी विल्यमला वाढवले. भावांप्रमाणे त्यानेही सरकारी नोकरीत जावे, परदेशी वकिलातीत लागावे, हा घरचा बेत. सर जॉन प्रॅट हा भाऊ चीनमध्ये वकिलातीत होता. विल्यमचे मन नाटकात. १९०९ साली शिक्षण सोडून तो कॅनडाला गेला, शेतावर राबला, खणण्याची कामे केली, आणि १९११मध्ये कॅमलूप्स गावी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखीच ती मंडळी, आज या गावी तर उद्या त्या. नाव बदलून बोरिस कार्लॉफ केले. हे आडनाव आईच्या घराण्यातले, असे तो सांगे. त्याच्या मुलीला पुढे त्याचा काही पुरावा मिळाला नाही.

हॉलिवूडमध्ये दशकभर पोट भरायला त्याने ट्रक चालवले, ओझी उचलली. मिळत त्या भूमिका अरबाच्या, हिंदू पुजाऱ्याच्या, रेड इंडियनच्या. रंग सावळा होता ना! लोक समजत, उन्हात राबून रापला असेल. आपण वर्ष ध्यानात घ्या. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. त्या देशात, त्या काळी, वडिलांची आई हिंदी होती हे कोण बोलून दाखवील? त्याला मी भ्याड म्हणणार नाही.

राक्षस मिळाला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. ऑगस्टच्या उकाड्यात चित्रीकरण सुरू झाले. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास चेहऱ्यावर काम करी. कार्लॉफने तोंडातली दातांची पट्टी काढून ठेवली, म्हणून एका बाजूचा गाल खोल गेला. पायांत डांबरी रस्ते करणाऱ्या मजुरांचे जड बूट. टेकडीवर दुसऱ्या नटाला खांद्यावरून नेण्याचे दृश्य दिग्दर्शक जेम्स व्हेलने पुन्हापुन्हा करून घेतले. त्या पाठीवर पुढे शस्त्रक्रिया झाल्या आणि दुखणे जन्मभर सोबत राहिले. पाठदुखीचे रुग्ण रोज पाहणारा मी, तो प्रसंग आता नुसता प्रेक्षक म्हणून पाहू शकत नाही. राक्षसाला एकही वाक्य नाही. तरी तळ्याकाठी लहान मुलीबरोबर फुले पाण्यात सोडताना त्याचे हात पाहा. प्रथम खेळाला त्याला बोलावणेसुद्धा नव्हते.

त्या राबणुकीतून त्याने धडा घेतला. १९३३ साली नटांची संघटना निघाली, तिच्या पहिल्या सभासदांत तो होता, क्रमांक ९. त्याच सुमारास एका चित्रपटासाठी तो लंडनला गेला. वीसहून अधिक वर्षांनी भाऊ भेटणार होते, सगळे मोठे अधिकारी, आणि आपण राक्षस म्हणून गाजलेलो. चीनमध्ये भाऊ इंग्रज सरकारचा प्रतिनिधी राहिलेला, आणि याने नुकताच 'फू मांचू' हा चिनी खलनायक रंगवलेला! भाऊ तोंड फिरवतील अशी त्याला धास्ती होती. छायाचित्रकार आला तेव्हा ते वयस्क गृहस्थ कोणी कुठे उभे राहायचे यावरून आपसांत हुज्जत घालू लागले. ही आठवण तो मोठ्या आनंदाने सांगे.

राक्षसावर त्याची माया होती, आपल्याला अन्न त्याने दिले असे तो मानी. सहकाऱ्यांना आठवतो तो मृदू बोलण्याचा, क्रिकेटवेडा गृहस्थ. ब्रॉडवेवर १९४१ साली 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात तो असा खुनी झाला, की 'तू बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस' म्हटले की चिडून जीव घेतो. शेवटची वर्षे फुप्फुसे निकामी, सांधे आखडलेले. दोन दृश्यांच्या मध्ये चाकांच्या खुर्चीत बसून प्राणवायू घ्यायचा, हाक आली की उठून उभे राहायचे. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडात ससेक्समधल्या रुग्णालयात तो गेला. तेव्हा ॲनाचे कार्नार्व्हन कोणी तपासून पाहिले नव्हते, आणि अहमदनगरची नोंद दप्तरातच पडून होती.