गवताचं दान कुणी दिलं?

आमच्या क्लायंटच्या टीममधला एक जण अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये राहतो. गेल्या दिवाळीत त्यानं मला कोन्झा प्रेअरीचे फोटो पाठवले. कमरेइतकं गवत, दूरवर बायसन आणि सोबत त्यानं सांगितलेले नियम: पायवाट सोडायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, सायकल न्यायची नाही. मी तेव्हा सुट्टीत गावी होतो, वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला. फोटो काकांना दाखवले. ते म्हणाले, "एवढं गवत आन् चरायले एक गाय नाही?"

गाय होती, एकेकाळी. कोन्झाचा मोठा भाग म्हणजे गुरांचं जुनं रँच. कॅथरीन ऑर्डवे या बाईंनी पैसे दिले. त्यातून 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेनं १९७१ आणि १९७७ मध्ये ही जमीन विकत घेतली. आज सुमारे ८,६०० एकरांवर कॅन्सस स्टेट विद्यापीठाचं संशोधन चालतं. कुठे दरवर्षी गवत जाळतात, कुठे वीस वर्षांतून एकदा. १९८७ मध्ये बायसन परत आणले. कारण चराई आणि आग दोन्ही थांबली, की गवतात झुडपं शिरतात आणि माळ माळ राहत नाही.

पण हे नाव कुठून आलं? कोन्झा किंवा कान्सा हे तिथल्या मूळ लोकांचं नाव. त्यांना १८७३ मध्ये कॅन्ससबाहेर हलवलं गेलं. म्हणजे देणगीच्या आधी एक घेणं होतं. हे वाचल्यावर मला आपल्याकडच्या गवताचा हिशोब बघावासा वाटला.

'आत कुणी यायचं आणि कधी' हा प्रश्न शिरपूरच्या माणसाला नवा नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेसाठी श्वेतांबर आणि दिगंबर पंथांनी १९०५ मध्ये वेळापत्रक ठरवलं होतं. पुढे वाद वाढला, १९८१ पासून मंदिराला कुलूप होतं, ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालं. मी कुलूप बघतच मोठा झालो. नियम कुणासाठी लिहिलाय, हे आधी बघायची सवय तिथूनच लागली असावी.

आमच्या जिल्ह्यात गवताचं अभयारण्य आहे: कारंजा-सोहोळ, सुमारे १८ चौरस किलोमीटर, काळविटांसाठी. दुसऱ्या दिवशी काका आणि मी मोटरसायकलवर तिकडे गेलो. जाताना मी मोबाइलवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचत होतो. कलम २७ सांगतं, की परवान्याशिवाय अभयारण्यात कोण जाऊ शकतं. कलम २८ परवान्याची कारणं देतं: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर काम. कलम ३० नुसार आग लावायची नाही, कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही. गुरं मात्र कलम ३३ मध्ये येतात. त्यांची चराई नियंत्रित करायची की बंद करायची, हे अधिकारी ठरवतात.

तुम्ही-आम्ही कॅमेरा घेऊन आलो तर पाहुणे. गुराखी आला तर तो 'नियंत्रणाचा' विषय.

वऱ्हाडात हा फरक जुना आहे. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाचा भाव चढला. माळावर नांगर फिरला. पुढे जंगलाचेही वर्ग पडले: लाकडाचं, गवताच्या रमण्यांचं आणि चराईचं. गावाच्या वाट्याला राहिलं ते ई-क्लास, म्हणजे गावची गुरं चरायची जमीन. आजही आमच्याकडे कुणी 'गायरान' म्हणत नाही, 'ई-क्लास'च म्हणतात. त्यावरही अतिक्रमणं झाली. गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये राज्यांना सांगावं लागलं.

थोडक्यात, इथल्या गवताला दाता नाही. एक-एक तुकडा कापसाला, जंगलखात्याला, अतिक्रमणाला गेला. जिथून गुरं मागे सरली तिथे कुणाच्या नावाची पाटी लागली नाही.

आणि देणं अजून संपलेलं नाही. काळविटाला अभयारण्याची हद्द कळत नाही. परतताना काका म्हणाले, "हरणाइले बोर्ड वाचता येते काय, बाबू?" त्यांच्या शेतात हरभरा नुकताच उगवला होता. कळप एका रात्रीत येऊन शेंडे खाऊन जातो. नुकसानभरपाई आहे, अर्ज, पंचनामा, मग वाट बघणं. काळवीट अनुसूची एकमधला प्राणी, म्हणजे कायद्याचं सगळ्यात मोठं संरक्षण त्याला. ते मला हवंच आहे. फक्त त्याची किंमत कोण भरतं, हेही कुठेतरी लिहिलेलं हवं.

कायद्यात एक दार आहे. २००२ च्या दुरुस्तीनं 'सामुदायिक राखीव क्षेत्र' आलं. गावानं किंवा एखाद्या माणसानं स्वतःहून पुढे येऊन आपली जमीन वन्यजीवांसाठी राखली, तर सरकार ती तशी जाहीर करू शकतं. मालकी जात नाही आणि कारभाराला समिती असते. मला यात कोन्झापेक्षा चांगली शक्यता दिसते: देणारा फाटकाबाहेर जात नाही, नियम लिहायला बसतो. किती दिवस चराई, कुठे पायवाट, पाहुण्याकडून काय घ्यायचं, हे तो ठरवू शकतो.

काकांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आमची राखलेली जमीन, आन् आम्हीच पाहुणे, असं तर नाही होणार ना?" एवढंच विचारलं. मी कलमं पुन्हा उघडली. तोवर ते बॅटरी आणि घोंगडी घेऊन जागलीला निघाले होते.