नंदुरबारचा मालवाहतूक-मार्ग : तांड्यापासून वाघिणीपर्यंत

मालवाहतुकीचा इतिहास बहुधा वाहनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बैलाच्या जागी गाडी आली, गाडीच्या जागी आगगाडी आली आणि आगगाडीच्या बरोबरीने मालमोटार आली, अशा क्रमाने प्रगतीची चढती कमान रेखाटली की विषय संपला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु वाहन हे साधन होय. माल कोठून उचलला गेला, कोणाच्या मागणीने ओढला गेला आणि वाटेवरील लोकांच्या पदरात त्यातून काय पडले, हे प्रश्न वाहनाच्या वेगाने किंवा क्षमतेने सुटत नाहीत. आधुनिक व्यवहारात ज्याला पुरवठ्याची साखळी म्हणतात तिची परीक्षाही तिच्या सर्वांत मजबूत दुव्यावर न करता शेवटच्या दुव्यावर करावी लागते. या दृष्टीने नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे; कारण एका प्राचीन आणि गजबजलेल्या व्यापारी मार्गावर वसलेला हा प्रदेश त्याच वेळी पोचण्यास अत्यंत दुर्घट अशा पहाडी मुलखाचाही धनी आहे.

भूरचनेपासून आरंभ करणे सोयीचे होईल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या मध्यातून तापी पश्चिमेकडे वाहते. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांपलीकडे नर्मदा आहे. तापीच्या दक्षिणेस नंदुरबार व नवापूर, उत्तरेच्या सपाटीवर शहादे व तळोदे, आणि पहाडात अक्राणी व अक्कलकुव्याचा बराचसा भाग, असे तीन पट्टे पडतात. सुरत बंदराकडून खानदेशात व तेथून उत्तर हिंदुस्थानात जाणारा राजमार्ग यांपैकी पहिल्या पट्ट्यातून जात असे. पुढील साऱ्या इतिहासाचे बीज या एका गोष्टीत आहे.

मोगल काळात सुरत ते बुऱ्हाणपूर हा मार्ग नवापूर व नंदुरबार या गावांवरून जाई. अकबराच्या कारकीर्दीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. खानदेश, गुजरात आणि माळवा या तिन्हींच्या सांध्यावर ते वसले होते, हे त्यावरून कळते. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निये याने या वाटेवरील मुक्कामांची नोंद केली आहे. नवापूर हे कोष्ट्यांचे मोठे गाव असले तरी तेथील मुख्य व्यापार तांदळाचा आहे, आणि तो तांदूळ बारीक, शुभ्र व सुवासिक असल्याने देशातील उमरावांच्या पानात त्यालाच मान आहे, असे तो सांगतो. नवापूरचा तांदूळ दूरदूरच्या श्रीमंतांच्या ताटापर्यंत पोचत होता, याचा अर्थ त्याला वाहून नेणारी व्यवस्था तेव्हाही सुस्थिर होती.

ही व्यवस्था मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांची होती. दहा-बारा हजार बैलांचे तांडे आपण पाहिल्याचे टॅव्हर्नियेने लिहिले आहे. प्रत्येक बैलावरील ओझे त्याच्या मापाने ३०० ते ३५० लिव्र, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दीडशे किलोग्रॅम होते. या अंकांवरून एका मोठ्या तांड्याची वाहनक्षमता १,५०० टन वा त्याहून थोडी अधिक भरते. आजच्या भरगच्च मालगाडीशी तुलना करूनही ही संख्या उपेक्षणीय ठरत नाही. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला तर तो निघून जाईपर्यंत प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे.

तांड्याचे अर्थशास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे. बंजारा हा केवळ भाडोत्री हमाल नव्हता. जेथे धान्य स्वस्त तेथे ते विकत घ्यावे, जेथे महाग तेथे विकावे, आणि परतीच्या वाटेवर मीठ वा अन्य जिन्नस भरावा, असा त्याचा स्वतःचा व्यापार असे. बैल वाटेतील गवतावर चरत चालत, त्यामुळे चाऱ्याचा खर्च जवळपास नव्हताच. मात्र त्यामुळेच दिवसाची मजल लहान राही. वेळेचे मोल कमी व वजन मोठे अशा मालाला, म्हणजे धान्याला व मिठाला, ही पद्धत सर्वांत स्वस्त होती. तिचा शत्रू होता पावसाळा. काळी माती भिजली आणि नद्या भरल्या की साखळी आपोआप तुटत असे.

या व्यवस्थेची दुसरी मर्यादा १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने उघड केली. गुजरात व दख्खन यांत पडलेल्या या भीषण दुष्काळात ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी हा नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघाला आणि याच वाटेने गेला. ओसाड गावे, रस्त्याकडेचे मृतदेह आणि अन्नासाठी भटकणारी माणसे यांचे त्याने केलेले वर्णन दुष्काळाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नंदुरबारही त्या वर्णनातून सुटलेले नाही. त्याच सुमारास बुऱ्हाणपुरास शाहजहानची छावणी पडलेली होती आणि दख्खनच्या स्वारीसाठी जमलेल्या सैन्याची मागणी उत्तरेकडील धान्य तिकडे खेचून घेत होती. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे अन्नछत्रे उघडली खरी, परंतु ती शहरांत होती. मार्ग होता, वाहने होती, वाहणारे होते. धान्य मात्र भुकेच्या दिशेने न जाता खरेदीच्या सामर्थ्याच्या दिशेने गेले. राजमार्गावर असणे आणि राजमार्गावरील मालाचा वाटेकरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा निष्कर्ष होय.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशातून बाहेर गेलेल्या एका जिनसेची कथा हाच भेद निराळ्या रीतीने दाखविते. सातपुड्याच्या पायथ्याशी व पश्चिम खानदेशच्या माळरानांवर रोशा नावाचे सुगंधी गवत उगवते. पाऊस सरता सरता गवताचा रंग पालटू लागला की ते कापून ओढ्याकाठी मांडलेल्या भट्ट्यांत त्याचे तेल काढीत. नंदुरबार, शहादे, तळोदे, अक्राणी व पिंपळनेर हे या धंद्याचे प्रदेश होत. गवत अवजड आणि तेल त्या मानाने अत्यल्प; म्हणून भट्टी गवताकडे न्यावी, गवत शहराकडे नेऊ नये, हा हिशेब या कारागिरांनी अनुभवाने बसविला होता. ज्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते त्याची प्रक्रिया उगमाशीच करावी, हे तत्त्व आज वाहतुकीच्या अर्थशास्त्रात शिकविले जाते. शहाद्याच्या परिसरात उसाच्या शेतांलगत उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यामागेही तेच तत्त्व आहे.

तयार झालेले तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीसारख्या अवघड घाटांतून सुरतेस, किंवा नाशिकच्या वाटेने मुंबईस जाई. मुंबईहून ते जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि तेथून तुर्की साम्राज्यात पोचे. तेथे त्याचा उपयोग मुख्यतः गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याकडे होई. यातील गमतीचा, परंतु अर्थपूर्ण भाग असा की युरोपच्या बाजारात या तेलास तुर्की जिरेनियमचे तेल असे नाव पडले. उत्पादन खानदेशात, नाव तुर्कस्तानचे आणि किंमत अत्तराच्या बाटलीवर, अशी ही साखळी होती. माल जितक्या अधिक हातांतून गेला तितका त्याचा उगम पुसला गेला, आणि मूल्याचा मोठा हिस्सा उगमापासून दूर राहिला.

दरम्यान खुद्द मार्गाचे भाग्यही पालटले होते. सुरतेचे महत्त्व मुंबईने घेतले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला, मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला आणि १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव व भुसावळ या मार्गाने खानदेशातून पुढे सरकली. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर हा प्रदेश थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी याच काळातील असल्याने पूर्व खानदेशातील पेठा भरभराटीस आल्या. नंदुरबार मात्र या लोहमार्गापासून दूर राहिले. शतकानुशतके पूर्व-पश्चिम वाहणारा व्यापार आता दक्षिणेकडे वळला, आणि जुन्या सुरत-वाटेवरील ठाणी आडबाजूला पडली. बंजाऱ्यांचा धंदाही या बदलात बसला. ज्या लांब पल्ल्यावर त्यांची मक्तेदारी होती तोच पल्ला प्रथम वाघिणीने हिरावून घेतला.

पुढे किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखालील तापी व्हॅली रेल्वे कंपनीने सुरत ते अमळनेर हा रुंदमापी मार्ग बांधला. १९०० पर्यंत तो वाहतुकीस खुला झाला, आणि अमळनेर-जळगाव या जोडमार्गाने मध्य हिंदुस्थानाशी त्याचा सांधा जुळला. थोडक्यात, टॅव्हर्नियेची वाट लोखंडी रुळांवर पुन्हा जिवंत झाली. कापूस, इमारती लाकूड, तेलबिया व धान्य यांसाठी नवापूर व नंदुरबार येथील मालधक्के गजबजू लागले. १९४२ मध्ये ही कंपनी सरकारने विकत घेतली आणि १९५१ मध्ये हा मार्ग पश्चिम रेल्वेचा भाग झाला.

या लोहमार्गाचे आगमन आणि संवत १९५६ चा, म्हणून छप्पन्नचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ, हे दोन्ही एकाच वेळी घडले, हा योगायोग इतिहासकाराने नजरेआड करू नये. रेल्वेने धान्य आणता येते म्हणून दुष्काळाची धार बोथट होईल, असा विश्वास १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालापासून राज्यकर्त्यांत रुजला होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. १६३० मध्ये जे धान्य आणणेच अशक्यप्राय होते ते १९०० मध्ये स्टेशनपर्यंत येऊ शकत होते. परंतु स्टेशन आणि पाडा यांमध्ये तापी होती, काळी माती होती, सातपुड्याचे चढ होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरी बुडालेल्या माणसाचा रिकामा हात होता. लोहमार्ग तापीच्या दक्षिणेने गेला. उत्तरेकडील शहादे, तळोदे व अक्कलकुवा येथे आजतागायत रेल्वे पोचलेली नाही. पूल होण्यापूर्वी प्रकाशे व सारंगखेडे येथील उतार पावसाळ्यात बंद पडले म्हणजे तापीपलीकडच्या कापसाच्या गाड्यांना नावेवाचून गत्यंतर नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते, पूल व मालमोटारी यांनी सपाटीवरील चित्र पालटले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातकडे गेली आणि जुन्या बाजारपेठेच्या मधूनच सीमारेषा ओढली गेली. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. व्यापाराचा मार्ग प्रांतांच्या सीमांहून जुना असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. कोंडाईबारीच्या ज्या घाटातून रोशाच्या तेलाचे बुधले उतरत त्याच घाटातून आज सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील अवजड वाहने जातात. नंदुरबारच्या पथारींवर वाळलेली लाल मिरची देशाच्या दूरच्या बाजारांत पोचते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याराज्यांमधील करतपासणीचे बरेचसे अडथळे दूर झाले, आणि उधना-जळगाव लोहमार्ग दुहेरी झाल्याने मालगाड्यांची कोंडीही सुटली.

तथापि तिसऱ्या पट्ट्याची स्थिती या सुधारणांच्या मापाने मोजता येत नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदाकाठच्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि कित्येक पाड्यांना नाव हेच वाहन उरले. १९९५ पासून राबविल्या जात असलेल्या नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांसाठी चार महिन्यांचे धान्य पाऊस सुरू होण्यापूर्वीच पोचविण्याची तरतूद आहे. या तरतुदीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पावसाळा आला की साखळी तुटते, हे जे बंजाऱ्यांच्या नायकाला ठाऊक होते तेच शासनाने येथे गृहीत धरले आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की १६३० मध्ये धान्य मागणीच्या सामर्थ्यामागे गेले. येथे ते गरजेच्या आधी जावे असा नियम केला गेला आहे. तो नियम जेथे पाळला जातो तेथे वाहतूक ही लोकांच्या अन्नाची हमी ठरते. जेथे धान्याची गाडी रस्ता संपतो तेथेच थांबते, तेथे उरलेली मजल आजही माणसाच्या डोक्यावरून होते.

तात्पर्य, नंदुरबारच्या चार शतकांच्या वाहतुकीत राजमार्गाची क्षमता वारंवार वाढली, घटली आणि पुन्हा वाढली. पण शेवटच्या मजलेचा प्रश्न त्या चढउताराने आपोआप कधीच सुटला नाही. तांड्याने तो सोडविला नाही, वाघिणीने सोडविला नाही आणि महामार्गानेही सोडविलेला नाही. जेव्हा तो अंशतः सुटला तेव्हा बाजाराच्या ओढीपलीकडे जाऊन धान्य कोठे पोचले पाहिजे हे कोणीतरी आधी ठरविले होते. म्हणून या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने स्टेशनवर उतरलेल्या टनांबरोबरच, आषाढात अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर पोचलेल्या पोत्यांचीही नोंद शोधली पाहिजे. पहिली नोंद दप्तरात सहज सापडते. दुसरीवाचून मात्र पहिलीचा अर्थ लागत नाही.