दुष्काळ सर्वांचा, कर्ज एकट्याचे

यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात संकटाची दोन रूपे आढळतात. एक गावाच्या चव्हाट्यावर येणारे; दुसरे घराच्या बंद दाराआड वाढणारे. या दोहोंतील भेदाचा आज विचार करावयाचा आहे.

वऱ्हाड प्रांत निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यास 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणत. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी सारा प्रांत होरपळून निघाला. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28 लाख 97 हजार होती. 1901 मध्ये ती 27 लाख 54 हजारांवर उतरली. असे हे दुःख हलके होते, असे कोण म्हणेल? तथापि ते सर्वांस दिसत होते. दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेलेल्या कुणब्यास शेजाऱ्यापासून काही लपवावयाचे नव्हते. तोही त्याच ढिगाऱ्यापाशी बसलेला असे.

दुसऱ्या संकटाचे बीज मात्र सुबत्तेत रुजले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. काळ्या जमिनीत कापूस पसरत गेला. ज्वारी पेवात साठवून वाईट सालास पुरविता येते. कापूस खाता येत नाही, तो विकावाच लागतो. बियाण्यास कर्ज काढावयाचे आणि भाव दूरच्या बाजाराने ठरवावयाचा, असा हा व्यवहार. यात बुडालेला पैसा एकट्याच्या खात्यावर मांडला जातो. कर्ज थकले की माणसास त्यात आपत्तीहून अपमान अधिक दिसतो. आणि अपमान कोणास सांगावा?

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी व चार मुले या साऱ्या कुटुंबाचा 19 मार्च 1986 रोजी पवनारजवळ दत्तपूर येथे अंत झाला. घर सोडून इतक्या दूर जाऊन घडलेला हा शेवट महाराष्ट्रास हादरवून गेला. पुढील काळात या जिल्ह्यात अशी घरे कितीतरी झाली. 2017 पासून 19 मार्च रोजी अनेक लोक अन्नत्याग करून या मृतांचे स्मरण करतात. एकट्याचे दुःख पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचाच हा प्रयत्न होय.

असाच एक प्रसंग जानेवारी 2019 मध्ये यवतमाळ येथे घडला. लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे वादात सापडलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. ‘तेरवं’ या नाटकात त्या स्वतः भूमिका करीत. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई धावून येते, अशा आशयाचे त्या बोलल्या.

या साध्या बोलात शंभर वर्षांचा इतिहास सामावला आहे. पाऊस पाडणे कोणाच्याच हाती नाही. शेजारच्या दारावर थाप मारणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. आणि ती थाप वेळेवर पडली पाहिजे.