सायकलचा वेग आणि कायदा

१८७९ साली इंग्लंडातील न्यायाधीशांपुढे एक चमत्कारिक प्रश्न आला. लंडनच्या उत्तरेस असलेल्या मझवेल हिलच्या उतारावरून एक इसम सायकलवरून बेफाम वेगाने खाली आला होता. १८३५ च्या हमरस्ता कायद्यान्वये गाडी बेफाम हाकणे हा गुन्हा होता. पण सायकल ही गाडी कशी? तिला ना घोडा, ना बैल. न्यायालयाने शब्दाचा कीस काढला नाही. वाटसरूच्या जिवाला अपाय होऊ नये हा कायद्याचा हेतू. मग वाहनाला गती कशाने मिळते हे गौण, असा निवाडा झाला आणि सायकल ‘गाडी’ ठरली. १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि पादचाऱ्याला ओलांडताना घंटा वाजवण्याची सक्तीही केली.

या निवाड्यात वेगाचा आकडा मात्र नव्हता. आकडा आला तो यंत्रासाठी. १८६५ साली वाफेच्या रस्तागाड्यांना गावात ताशी २ मैलांचे बंधन पडले, तर १९३५ पासून वस्तीतल्या मोटारींना ३० मैलांचे. वेल्समध्ये २०२३ साली ते २० मैलांवर उतरले, तेही मोटारींपुरतेच. सायकलला वेगमापकाची सक्ती नाही. तेव्हा स्वाराला आकड्याचा जाब विचारणे अवघडच.

आपल्याकडेही रचना हीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील वेगमर्यादा सायकलला लागत नाही. १८६० च्या दंडसंहितेतील बेदरकारपणाचे कलम २७९ मात्र लागत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ ने घेतली आहे.

मग वस्तीतली २० मैलांची पाटी सायकलस्वाराने पाळावी काय? अवश्य पाळावी, अंगणातले मूल रस्त्यावर धावते तेव्हा येणारे वाहन कोणते हे पाहून धावत नाही. पण पाटी पाळली की जबाबदारी संपली, ही समजूत अधिक घातक होय. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवर रस्ता ओलांडणारी एक स्त्री सायकलच्या धडकेने मरण पावली. खटल्यातील पुराव्यानुसार स्वाराचा वेग ताशी सुमारे १८ मैल, म्हणजे वेल्सच्या मर्यादेतही बसणारा होता. सायकलला पुढचा ब्रेक मात्र नव्हता. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला. २०१७ साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती घोडागाड्यांच्या काळातील १८६१ च्या कायद्यान्वये, बेफाम वाहन हाकल्याबद्दल.