डब्यातला हिंग आणि वैशालीची पंगत



लेकीकडे अमेरिकेला आले की माझ्या पिशवीत पासपोर्टच्या आधी डबा जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. कुठंही फिरायला निघालो की बाकीचे हॉटेलात शिरतात आणि मी बाहेरच्या बाकावर बसून डबा उघडते. लेक काही बोलत नाही. पण गेल्या वर्षी नातवानं विचारलं, "आजी, तू आमच्याबरोबर कधीच का जेवत नाहीस?" नऊ वर्षांचं पोर. कंदमूळ, रात्रिभोजन, गाळलेलं पाणी हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आमचं जेवण घाण आहे?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्याच रविवारी लेकीनं तोडगा काढला. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला हॅसिएंडा हाइट्स म्हणून गाव आहे. तिथं टेकडीवर शी लाय नावाचं मोठं बौद्ध मंदिर आहे. दुपारी तिथं जेवण असतं, शाकाहारी, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. हवं तेवढं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. पैसे इतके थोडे, की बाहेर दोन कॉफ्या घेतल्या तरी तेवढेच जातात. "आई, इथं तरी आमच्याबरोबर बस," ती म्हणाली.

मनात शंका होतीच. जपान-थायलंडकडचे भिक्षू मांस घेतात हे ऐकून होते. तरी गेले. डबा मात्र पिशवीत होता!

'शी लाय' म्हणजे पश्चिमेकडे येणं. तैवानच्या फो क्वांग शान या संघानं हे मंदिर बांधलं. संघाचे संस्थापक शिंग युन (1927–2023) मूळचे चीनच्या च्यांगसू प्रांतातले. लहान वयात नानजिंगजवळच्या छीश्या मठात त्यांनी दीक्षा घेतली, 1949 मध्ये तैवानला आले आणि 1967 मध्ये हा संघ काढला. अमेरिकेत मंदिर बांधायचं ठरलं तेव्हा शेजारपाजारच्या लोकांनी बराच विरोध केला. सुनावण्यांवर सुनावण्या झाल्या. शेवटी 1988 मध्ये मंदिर पुरं झालं. आज साधारण पंधरा एकरांवर पिवळ्या कौलांची छपरं उतरत उतरत गेलेली दिसतात. सकाळच्या उन्हात पायऱ्या चढताना मला आमची बाहुबलीची टेकडीच आठवली.

जेवणघरात लांब टेबलं. पंगतीसारखीच माणसं शेजारी शेजारी बसलेली. वाढपाच्या टेबलावर भात, नूडल्स, घेवड्याच्या शेंगा, टोफू, अळंबी, गाजर घातलेली भाजी, कमळकाकडी, सूप आणि कापलेली संत्री. मी ताट घेऊन उभी राहिले आणि मनात निवड सुरू झाली. गाजर कंद, नको. कमळकाकडी नको. अळंबी नको. आलं दिसलं ती भाजी नको. सोया सॉस महिनोन्महिने मुरवलेला, तोही नको. उरलं काय? पांढरा भात, वाफवलेला टोफू, थोडा घेवडा, संत्रं. जावईबापूंनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भात कोरडा लागत होता, म्हणून मी पिशवीतून चटणीची डबी काढली आणि टेबलाखालीच उघडली.

समोर लेक फोनवर वाचत होती. "आई, ऐक. ह्यांच्याकडे पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. लसूण, कांद्याचे प्रकार आणि... हिंग."

मी डबीचं झाकण लावलं. चटणीत हिंगच होता, आणि आपल्या हातानं सढळ घातलेला!

मैत्रिणींनो, आपल्या स्वयंपाकात हिंग म्हणजे केवढा आधार. कांदा-लसूण नाही, तर फोडणीला चव आणतो तो हिंगच. आणि यांच्या 'ब्रह्मजाल' सूत्रात, जे चीनमध्ये पाचव्या शतकापासून प्रमाण मानलं जातं, कांदा-लसणाच्याच ओळीत हिंगाला बसवलंय. त्यांच्या भाषेतला 'शिंगच्यू' हा शब्द आपल्या 'हिंगु'वरूनच गेलेला. मी त्यांच्या गाजराला नाक मुरडत होते आणि माझ्या पिशवीतून त्यांना वर्ज्य असलेला वास त्यांच्या जेवणघरात शिरला होता.

तेवढ्यात नातू ताट भरून आला. ताटात चिकनसारखं काहीतरी. माझा चेहरा बघून हसला, "आजी, हे सोयाबीनचं आहे. खोटं-खोटं आहे. खोट्याला काय पाप?"

तुमच्या मनात आता कोणती कथा आली असेल, ते मला माहीत आहे. यशोधर राजाची! सोमदेवसूरींनी 959 मध्ये 'यशस्तिलक' पूर्ण केलं, त्यात ती विस्तारानं आहे, आणि बस्तीत प्रवचनाला आपण ती कितीदा ऐकली आहे. राजा खरा जीव मारायला तयार नाही. आई आग्रह करते, म्हणून पिठाचा कोंबडा करून देवीपुढं बळी देतो. कोंबडा पिठाचा, पण मारण्याचा भाव खरा. त्या एका भावापायी आई आणि मुलगा दोघंही जन्मोजन्मी पशुयोनीत फिरतात. नातवाला ही कथा तिथं सांगावीशी वाटली. पण त्याचा मागचा प्रश्न आठवला आणि मी गप्प राहिले. घरी परतल्यावर मात्र मी हा विषय सोडला नाही. लेकीच्या मदतीनं वाचत बसले. जे हाती लागलं ते सांगते.

पहिली गोष्ट वैशालीची. आपल्या त्रिशलामातेचं माहेर, म्हणजे महावीरस्वामींचं आजोळ. बौद्धांच्या विनयपिटकातल्या 'महावग्गा'त ही कथा आहे. तिथला सेनापती सिंह हा निर्ग्रंथांचा, म्हणजे आपल्या मुनींचा उपासक. तो बुद्धांकडे गेला, त्यांचं ऐकून त्यांचा उपासक झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं संघाला जेवायला बोलावलं. जेवणात मांस होतं. बाजारात तयार असलेलं मांस आणायला त्यानं माणूस पाठवला होता, असं ग्रंथ सांगतो. पण निर्ग्रंथ वैशालीच्या रस्त्यारस्त्यांत हात वर करून ओरडत फिरले, की सिंहानं आज मोठं जनावर मारून गौतमाला वाढलं. सिंहानं ते खोटं असल्याचं सांगितलं. मग बुद्धांनी भिक्षूंना नियम घालून दिला. आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घ्यायचं नाही. तसं नसेल तर भिक्षापात्रात पडेल ते चालेल.

कथा त्यांच्या बाजूची आहे, हे खरं. तरी वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं. मांसाला विरोध करणं हा आपला धर्मच. पण न पाहिलेल्या गोष्टीची रस्त्यात बोंब मारणं हे सत्यव्रतात बसत नाही. आणि दुसऱ्याच्या ताटावर बोट ठेवायची ती सवय माझ्याही अंगात चांगलीच मुरलेली आहे.

नियमावर आपल्या आचार्यांचं उत्तर स्पष्ट आहे. अमृतचंद्रसूरींनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त म्हटलं आहे, की जीव मारल्याशिवाय मांस निर्माणच होत नाही. आणि जनावर आपोआप मेलेलं असलं, तरी त्या मांसात उपजणाऱ्या सूक्ष्म जीवांचा घात होतोच. म्हणजे कुणासाठी मारलं हा प्रश्न आपल्याकडे उरत नाही.

बौद्धांच्या घरातही हा प्रश्न मिटलेला नव्हता. देवदत्तानं बुद्धांकडे पाच कडक नियम मागितले, त्यात मासे-मांस पूर्ण बंद करावं हा एक होता. बुद्धांनी सक्ती नाकारली, ज्याला पाळायचं त्यानं पाळावं म्हटलं. पुढं महायान पंथात 'लंकावतार'सारखी सूत्रं आली आणि त्यांनी मांसाचा सरळ निषेध केला. करुणा आहे म्हणता, तर खाता कसं, असा त्यांचा रोख.

तरी एखाद्या अख्ख्या देशातल्या भिक्षूंच्या ताटातून मांस गेलं, ते एका राजाच्या हट्टानं. चीनमधल्या ल्यांग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाळ 502 ते 549). राजधानी च्येनकांग, म्हणजे आजचं नानजिंग. होय, शिंग युन यांनी जिथं दीक्षा घेतली तोच परिसर! वू स्वतः एकभुक्त राहायचा, मांस-मद्य सोडलेला. त्यानं भिक्षू-भिक्षुणींची मोठी सभा भरवली आणि वाद घातला. विनय जाणणारे भिक्षू म्हणाले, आमच्या नियमांत मांसाची बंदी नाही. राजा सूत्रं पुढं करून म्हणाला, आहे. त्याच्या लिखाणात एक मुद्दा वाचून मी थांबलेच. मांस खाणारे भिक्षू परमार्गी साधूंपेक्षाही खाली गेले, कारण ते साधू आपापल्या गुरूंचे नियम तरी पाळतात, असं तो म्हणतो. बौद्ध ग्रंथांत 'परमार्गी' म्हटलं की त्यात निर्ग्रंथही येतात. वैशालीच्या रस्त्यात ज्यांच्या ओरडण्याला खोटं ठरवलं, त्यांच्यासारख्यांचंच उदाहरण हजार वर्षांनी चीनच्या राजानं आपल्या भिक्षूंना दिलं! त्याच्या मनात नेमके आपले मुनी होते असं मी म्हणत नाही. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

याच राजानं 517 मध्ये राजघराण्याच्या पितरांना द्यायचे पशुबळी बंद केले आणि त्या जागी पिठाचे पशू ठेवायला लावले. वाचलं आणि यशोधर पुन्हा पुढ्यात उभा राहिला. आपण म्हणू, पिठाचा असला तरी भाव वाईटच. पण ह्या राजाचा भाव उलट दिशेचा होता. यशोधर जीव न मारण्याकडून मारण्याच्या नकलेकडे घसरला. वू राजाची प्रजा खऱ्या कत्तलीकडून पिठाकडे आली. पीठ दोन्हीकडे तेच, वाट वेगळी. माझ्या नातवाच्या ताटातलं सोयाबीनचं चिकन कोणत्या वाटेवर आहे? शाळेतल्या मित्रांबरोबर खरं चिकन खायची सोय असताना तो खोट्यावर खूश आहे. मी स्वतः ते खाणार नाही. पण त्याला त्याबद्दल बोलणार नाही, एवढं ठरवलं.

चीनमध्ये ती रीत टिकली. जपानमध्ये 1872 साली सरकारनंच भिक्षूंना मांस खायची मोकळीक दिली. चिनी परंपरेच्या मठांत मात्र ताट शाकाहारीच राहिलं, आणि तेच ताट तैवानमार्गे कॅलिफोर्नियाच्या टेकडीवर आलं.

आणि आपलं ताट? समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त मुळा, ओलं आलं, लोणी सोडायला सांगितलं, ते कारण देऊन. लाभ थोडा आणि जीवांचा घात फार, म्हणून. त्यात कुठंही असं नाही, की जो हे खातो तो घाण आहे. हिशेब आपल्या हातून होणाऱ्या हिंसेचा आहे. तो हिशेब मी नातवाला नीट सांगितलाच नव्हता. मी फक्त 'नको' म्हणत बाकावर जाऊन बसत होते.

सिंह सेनापतीच्या कथेतला एक भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. सिंह बुद्धांचा उपासक झाला, तेव्हा बुद्ध त्याला म्हणाले, की तुझं घर पिढ्यानपिढ्या निर्ग्रंथांसाठी पाणवठ्यासारखं आहे. ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत राहा. ज्यांच्याशी वाद, त्यांना जेवण बंद करू नकोस. ही त्यांच्याच ग्रंथातली गोष्ट, आणि त्यांच्याच मंदिरात एका निर्ग्रंथाच्या श्राविकेला भात मिळाला. निघताना वाढपाच्या टेबलामागच्या म्हाताऱ्या बाईंनी माझं रिकामं ताट बघून दोन संत्री हातात ठेवली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. दोघींनी हात जोडले.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. ह्या खेपेला चटणीची कृती बदलली. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, मीठ, चवीपुरता गूळ आणि भरडलेलं जिरं, हिंग नाही. टेबलावर उघडी ठेवली. नातवानं चमचाभर घेतली, आपल्या भातावर घातली आणि म्हणाला, "आजी, आज तू आत बसलीस."

तुम्हीही करून बघा ही चटणी. हिंगाशिवाय बरी लागते. जिरं मात्र ताजं भाजा.