नेवाशाच्या माळावरून जाणारा कस्तुर

शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक (१८२२–१८९८) यांचा दीर्घकाळ मुक्काम होता. पक्ष्यांचा त्यांना खरा ध्यास होता. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला निसर्ग-अभ्यासक ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्यांचेच नाव दिले. पण १८७६ मध्ये ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षीविषयक नियतकालिकात त्यांनी जी यादी छापली, ती खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि सावंतवाडीच्या पक्ष्यांची आहे. राहायचे माळावर आणि पक्ष्यांसाठी घाट गाठायचा, हा त्या काळचा शिरस्ताच होता. त्यात काही गैर नाही, सह्याद्रीचे रान समृद्धच होते. पण त्यामुळे हिमालयातून हिवाळ्यासाठी सह्याद्रीत येणाऱ्या कस्तुरांचा इतिहास हिवाळी मुक्कामाच्या ठिकाणांपुरताच लिहिला गेला आणि वाटेतला मुलूख कोरा राहिला. माझ्या मते हा कोरेपणा पाहणाऱ्यांच्या रीतीतून आला आहे. त्यावरून पक्षी इथे उतरतच नाही असे ठरत नाही.

निळ्या डोक्याचा कस्तुर घ्या. उन्हाळ्यात हिमालयाच्या उतारावरच्या जंगलात त्याची वीण होते, हिवाळा तो पश्चिम घाटातल्या दाट झाडीत काढतो. मधले अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे आणि दख्खनचे पठार ओलांडल्याशिवाय बहुतेक वाटा पुऱ्याच होत नाहीत. यावर कोणी म्हणेल, दख्खन काही दुर्लक्षित नव्हते: पक्षी-अभ्यासक साइक्सने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढे ठेवली, १८७८ मध्ये डेव्हिडसन आणि वेंडन यांनी तिच्यात भर घातली. आक्षेप वजनदार आहे. पण या याद्यांचा मुख्य आधार बंदूक होता, आणि बंदुकीला नजरेस पडणारा पक्षी लागतो. हिवाळ्यातला हा कस्तुर गात नाही. सावलीतल्या फांदीवर निश्चल बसतो, पालापाचोळ्यात उतरून किडे टिपतो. माळावर तो थांबला तरी दिवस दोन दिवस थांबणार. अशा पाहुण्याचे नाव एखाद्या यादीत नसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा फार कच्चा आहे.

दुसरा आक्षेप झाडांचा. नेवाशाचा माळ उघडा, कस्तुर रानातला. तो वरून निघून जात असेल. पण कस्तुरकुळातले बहुतेक प्रवासी रात्री उडतात आणि उजाडल्यावर जिथे असतील तिथे आडोसा शोधतात. ओढ्याकाठची बाभळ, चिंच, जुन्या आमराया, देवस्थानाभोवतीचे निंब एवढी सावली दिवसभराच्या विसाव्याला पुरते. अशा आडोशाला लपणारे पक्षी नुसत्या नजरेने मोजता येत नाहीत, हे पुढच्या काळात मान्यही झाले. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा बारीक धाग्यांच्या जाळ्यांत पक्षी धरून त्यांच्या पायांत कडी घातली गेली. झुडपातून कधी बाहेर न येणारा पक्षीही अशा जाळ्यात येतो. हे काम भरतपूर, कच्छ, पॉइंट कॅलिमर अशा पक्ष्यांनी गजबजलेल्या ठिकाणी जास्त झाले, आणि ते साहजिकच होते. नेवाशाच्या ओढ्यांवर ऑक्टोबर–नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्च–एप्रिलमध्ये, पहाटेपासून, सलग काही वर्षे जाळी लावून पाहिल्याशिवाय हा मुलूख कस्तुराच्या वाटेवर नाही असे लिहायला माझा हात धजणार नाही.