एका हरकतीच्या पत्राची गोष्ट

आपल्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव, म्हणून स्मरणिकेसाठी 'काहीतरी जुनं लिहा काका' अशी कमिटीची प्रेमळ ताकीद मिळाली. पंचवीस वर्षांत लिफ्ट कधी आली, पाण्याची टाकी कधी बदलली, गणपती कोणत्या वर्षापासून पाच दिवसांचा झाला, हे सगळं इतर लेखांत येणारच आहे. मी जरा मागे जातो. आपली इमारत ज्या शहरात उभी आहे, ते शहर मुळात कसं सुचलं, त्याची ही गोष्ट. तिची सुरुवात महापालिकेच्या एका जाहीर सूचनेपासून होते. आपण जिच्याकडे बघतही नाही, अगदी तसल्याच एका सूचनेपासून.

मुंबई महापालिका विचारते

'विकास आराखडा' म्हणजे काय, तर शहराच्या पुढच्या वीसएक वर्षांचा नकाशा. रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, दवाखाना कुठे, मैदान कोणतं आणि इमारती कुठे व किती. 1954 च्या मुंबई नगररचना कायद्याने असा आराखडा करणं नगरपालिकांना बंधनकारक झालं. त्याआधी 1915 पासून कायदा होता, पण तो एकेका भागाची नगररचना योजना करण्यापुरता. अख्ख्या शहराचा एकत्र विचार त्यात नव्हता.

नव्या कायद्याप्रमाणे मुंबई महापालिकेने पहिला आराखडा तयार केला आणि 1964 मध्ये तो लोकांपुढे ठेवला. नियमाप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या. अशा वेळी बहुतेक अर्ज कसे येतात, ते आपल्याला ठाऊक आहे. 'माझ्या प्लॉटवरचं आरक्षण उठवा', 'रस्ता दहा फूट पलीकडे सरकवा'. त्यात चूक काही नाही. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं.

पण तिघांनी वेगळंच केलं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. कोरिया आणि पटेल दोघेही तेव्हा तिशीत. मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, 1965 मध्ये खुला झालेला देशातला पहिला उड्डाणपूल, तो याच शिरीष पटेलांच्या हातचा. या तिघांनी आराखडा वाचला आणि त्यांचं म्हणणं थोडक्यात असं पडलं: तुम्ही आहे त्याच चिंचोळ्या बेटावर आणखी माणसं कोंबायची सोय करताय. नोकऱ्या दक्षिण टोकाला, घरं उत्तरेला. सकाळी सगळे खाली जाणार, संध्याकाळी सगळे वर येणार. कितीही रस्ते रुंद केलेत तरी हे गणित सुटणार नाही. शहराची दिशाच बदला. उत्तर-दक्षिण वाढण्याऐवजी ते पूर्वेकडे, खाडीपलीकडे न्या.

नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. पैसा कुठून येणार, हेही त्यांनी मांडलं. जमीन सरकारने आधी घ्यायची, रस्ते, पाणी, रेल्वे आणायची, आणि त्यामुळे वाढलेल्या किमतीने भूखंड विकून शहराचा खर्च भागवायचा. सरकारी कचेऱ्याच पलीकडे हलवल्या तर बाकीचे धंदे आपोआप मागे येतील, असाही त्यांचा आग्रह होता. 1965 मध्ये मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या नियतकालिकाने मुंबईवर विशेषांक काढला, त्यात ही कल्पना सविस्तर छापून आली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर खाडी ओलांडायचा विचार त्यांच्याही आधीचा. 1959 मध्ये स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वसवावी, असं सुचवलं होतं. नंतर धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबईचा विचार आसपासच्या सगळ्या प्रदेशासकट करा, असं सांगितलं. त्यातूनच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आला, जो आजही लागू आहे. म्हणजे एका पत्राने शहर उभं राहिलं असं म्हणणं जरा भाबडं होईल. पण विखुरलेल्या विचारांना शहराचा आकार मिळाला, तो त्या सूचनेतून. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि त्या तिघांपैकी दोघे, कोरिया आणि पटेल, तिथे कामालाही लागले. हरकत घेणाऱ्यालाच 'मग या, करून दाखवा' असं म्हटलं गेल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

ठाणे खाडीवरचा पहिला पूल 1973 मध्ये झाला. लोकल वाशीला आली ती 1992 मध्ये. मंत्रालय मात्र जागचं हललं नाही. उलट नरिमन पॉइंटला भर घालून ऑफिसांचे मनोरे उभे राहिले. आपल्यातले कित्येकजण वीस-वीस वर्षं मानखुर्दपर्यंत उभ्याने गेले, त्यामागे हा न मानलेला अर्धा सल्ला आहे.

ज्यांना विचारलं नाही

इथवर गोष्ट छान आहे. अशा लेखांत ती इथेच संपते आणि टाळ्या पडतात. पण आपण राहतो ती जमीन रिकामी नव्हती.

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं या नव्या शहराच्या हद्दीत आली. आगरी, कोळी, शेतकरी. भातखाचरं, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी, यावर चाललेले संसार. आता तारखा बघा. जमिनी घेण्याची अधिसूचना निघाली 1970 च्या सुरुवातीला. नव्या शहराचा आराखडा लोकांपुढे आला 1973 मध्ये आणि शासनाने तो मंजूर केला 1979 मध्ये. म्हणजे जमीन घ्यायची हे आधी ठरलं, आणि 'शहर कसं असावं, सांगा' हे नंतर विचारलं गेलं. भूसंपादनाच्या कायद्यात हरकतीची तरतूद होती, नाही असं नाही. पण ती 'माझी जमीन घेऊ नका' एवढ्यापुरती. 'या शहरात माझं स्थान काय' हे विचारायला त्या अर्जात रकानाच नव्हता.

मुंबईतल्या सुशिक्षितांना महापालिकेने विचारलं, त्यांनी उत्तर दिलं आणि त्या उत्तराची किंमत खाडीपलीकडच्यांनी मोजली. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण मीही मुंबईहून इथे आलेलाच. पण तारखा तारखाच असतात.

जे अर्जाने सांगता येत नाही, ते मग रस्त्यावर सांगावं लागतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा लढा उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे ते तत्त्व आलं, ज्याला आपण सगळे नुसतं 'साडेबारा टक्के' म्हणतो: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आज फ्लॅट घेताना दलाल 'सिडकोचा प्लॉट की साडेबारा टक्क्यांचा?' असं भाजीचा भाव विचारावा तसं विचारतो. त्या आकड्यामागे पाच माणसांचे जीव आहेत, हे आपल्या मुलांना माहीत असावं म्हणून इथे लिहून ठेवतो.

अर्जांच्या ढिगाने आराखडा परत फिरतो

'आपल्या अर्जाने काय होणार?' हे वाक्य मी या पंचवीस वर्षांत जिन्यात, पार्किंगमध्ये आणि सर्वसाधारण सभेत किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. त्यावर एक ताजं उदाहरण पुरे आहे.

फेब्रुवारी 2015 मध्ये मुंबई महापालिकेने 2034 पर्यंतच्या आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध केलं. लोकांनी नकाशे उलगडून आपापली गल्ली शोधली, तर कुठे उभ्या इमारतीतून रस्ता गेलेला, कुठे वारसा यादीतल्या वास्तूची नोंदच नाही. स्टेशनांजवळ भरमसाट बांधकामाला मुभा आणि आरेच्या जमिनीवर विकासाचा प्रस्ताव, यावरही जोरदार आक्षेप आले. वस्त्यांतल्या संघटना, रहिवासी संघ, शिक्षक, वास्तुरचनाकार, सगळ्यांनी हजारोंनी अर्ज दिले. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा चुका दुरुस्त करून नव्याने करायला सांगितला. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आलं, त्यावर पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या, आणि शासनाची मंजुरी 2018 मध्ये मिळाली. सगळ्यांच्या मनासारखं झालं का? नाही. पण उभ्या घरावरून गेलेली रेघ कागदावर असतानाच पुसली गेली, तर ती पुसणं सोपं असतं. बुलडोझर आल्यावर नाही.

आपल्या दारात

आता आपल्याकडे या. नवी मुंबई महापालिका 1 जानेवारी 1992 पासून कामाला लागली, पण तिचा स्वतःचा पहिला विकास आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला ऑगस्ट 2022 मध्ये. मधली तीस वर्षं आपण सिडकोच्याच नकाशावर राहिलो. शहरातले मोकळे भूखंड सुविधांसाठी राखायचे की विकायचे, यावरून पालिका आणि सिडको यांच्यातला वाद तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजला. आणि नेमक्या त्या काळात नगरसेवकच नव्हते. 2020 च्या मे महिन्यापासून प्रशासकीय राजवट होती. आपलं म्हणणं सांगायला आपल्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा आपल्या नोटीस बोर्डावर मी एक कागद लावला होता. शेजारी नकाशाची झेरॉक्स. आठवतं कोणाला? मेंटेनन्सची यादी, पाणी बंदची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मध्ये तो महिनाभर होता. सामायिक अर्जावर सह्या जमल्या जेमतेम दहा-बारा. एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, आपल्या बिल्डिंगला तर काही होत नाहीये ना? मग कशाला?" मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण सिडकोची घरं घेताना आम्हीही तेच म्हटलं होतं. पण आज त्याची मुलगी ज्या मैदानात सायकल शिकतेय, ते मैदान म्हणून राहील की नाही, हे त्याच नकाशावर ठरत होतं.

म्हणून जाता जाता चार कामाच्या गोष्टी.

हरकत किंवा सूचना द्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत. सेक्टर, भूखंड क्रमांक आणि नकाशात ती जागा कुठे दाखवली आहे, ते स्पष्ट लिहावं. 'आमचा विरोध आहे' एवढं पुरत नाही. का आहे आणि त्याऐवजी काय करावं, हे लिहावं. त्या तिघांच्या पत्राचं बळ यातच होतं. मुदतीच्या आत द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये.

सुनावणीचं बोलावणं आलं की जावं. कायद्याप्रमाणे हरकती नियोजन समितीपुढे जातात. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चारपर्यंत जाणकार असतात. तिथे फार तर काही मिनिटं मिळतात. एकच माणूस नेमून, एकच मुद्दा नीट मांडावा.

हरकत फक्त विरोधाची नसते. आरक्षण चांगलं असेल, तर 'हे ठेवाच' असंही लिहून द्यावं. मैदान उठवायला मागणारे अर्ज नेहमी येतात, ठेवायला सांगणारे येत नाहीत, आणि मग कागदोपत्री लोकांची इच्छा एकाच बाजूची दिसते.

आणि मंजुरी मिळाली म्हणून निर्धास्त राहू नये. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. नकाशावर हिरवं दिसणारं मैदान असं गुपचूप निसटतं. लक्ष ठेवणं हेही आपलंच काम.

आपल्या सोसायटीचा भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे. आपली पंचवीस झाली. उरलेल्या काळात पुनर्विकासाची चर्चा होईल, नवे आराखडे येतील, नव्या सूचना निघतील. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघेल तेव्हा आमच्यातले बरेच नसतील. तेव्हा जो कोणी लिहायला बसेल, त्याला 'आमच्या आधीच्यांनी सह्या केल्या होत्या' एवढं लिहिता यावं.

बोर्डावरचा तो जुना कागद मी काढून जपून ठेवलाय. त्याची मागची बाजू कोरी आहे. पुढच्या वेळी सह्यांना जागा कमी पडली, तर वापरता येईल.